नांदत्या घरावरचे छप्पर बदलताना

कोकणात घराचे छप्पर बदलायचे ठरले की लाकूड कुठले आणायचे, पैसे किती लागतील हे प्रश्न नंतर निघतात. आधी निघतो तो ‘तोवर राहायचं कुठे?’ हा. मुंबईचा मुलगा फोनवर म्हणतो, आई, दोन महिने इकडेच ये. आई म्हणते, गुरांना वैरण कोण घालणार, देवाला दिवा कोण लावणार, आणि सुतार वर काय करतो ते बघणार कोण? आईचे तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण तिसरा सर्वांत मोलाचा. कौलारू घराचे छप्पर घरात राहूनच बदलावे, असे मला ठामपणे वाटते. कुठल्या वाशाखाली दर पावसाळ्यात परात ठेवावी लागते, कुठल्या कोपऱ्यात रात्री लाकडाचा भुसा गळतो, नैर्ऋत्येचा वारा कुठून पाणी आत मारतो, हे त्या घरात झोपणाऱ्या माणसालाच ठाऊक असते. ते माणूस मुंबईला गेले की ही माहितीही त्याच्याबरोबर जाते आणि सुतार आपल्या अंदाजाने काम उरकतो.

मात्र राहायचे तर एक नियम पाळावा लागतो. सकाळी उघडाल तेवढे संध्याकाळी झाकता आले पाहिजे. या प्रकरणातले बाकीचे सगळे त्या नियमाच्या पोटात येते.

आपल्या जुन्या घरांची रचना या नियमाला फार अनुकूल आहे. मंगलोरी कौल सहसा कशालाही ठोकलेले नसते. त्याच्या पोटाखालचा उंचवटा रिपेला अडकतो, कडेची खाच शेजारच्या कौलाच्या कंगोऱ्यावर बसते आणि पुढचे काम त्याचे स्वतःचे वजन करते. एकमेकांत अडकणाऱ्या कौलांची ही कल्पना युरोपातली. मंगळूरला बाझल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि नेत्रावतीच्या काठची चिकण माती साच्यात दाबून कौले होऊ लागली. तीनच वर्षांनी, १८६८ मध्ये, अल्बुकर्क घराण्याचा कारखाना तिथेच उभा राहिला. ही कौले गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने वर आली. त्याआधी कोकणात गवताची छपरे होती, आणि ऐपतदारांकडे गावच्या कुंभाराने केलेले अर्धगोल नळे. नळे दर साल परतावे लागत, गवत दर साल शाकारावे लागे. म्हणजे छप्पर उघडणे आणि पुन्हा झाकणे हा पिढ्यान्‌पिढ्या आगोटीच्या कामांचाच भाग होता, आणि त्या वेळी घर सोडून कोणी जात नसे. मंगलोरी कौलांनी ते काम वर्षाचे पंधरा-वीस वर्षांवर नेले, एवढेच.

दुसरी अनुकूल गोष्ट म्हणजे खण. पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी असे घर खांबा-तुळयांनी भागलेले असते. एका खणाची कौले, रिपा आणि वासे उतरवले तरी शेजारच्या खणाला धक्का बसत नाही. काँक्रीटच्या स्लॅबचे असे तुकडे पाडता येत नाहीत. तिथे काम सुरू झाले की घरच्यांना बाहेर पडावेच लागते.

कधी करावे, यावर माझे गावाशी भांडण आहे. बहुतेक घरांची छपरे मे महिन्यात उघडतात, कारण चाकरमानी रजा घेऊन तेव्हाच येतो. पण मे हा सर्वांत वाईट महिना. दुपारनंतर सह्याद्रीकडून ढग येतात आणि तासाभराची अवकाळी सर सगळे भिजवून जाते. सुतार एकाच वेळी चार घरी शब्द देऊन बसलेला असतो. दक्षिण कोकणात जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस दाराशी येतो, आणि रत्नागिरी जिल्ह्यात त्याची वर्षाची सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर आहे. अर्धे छप्पर उघडे असताना मृग लागला तर पुढचे चार महिने त्या घरात काय हाल होतात, ते ३ जून २०२० नंतर श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोली, मंडणगड या पट्ट्याने पाहिले. निसर्ग चक्रीवादळाने छपरे उडवली, टाळेबंदीत पत्रे आणि कौले वेळेवर मिळेनात, आणि कित्येक कुटुंबांनी तो पावसाळा ताडपत्रीखाली काढला. पुढच्याच वर्षी तौक्ते वादळ तर मेच्या मध्यावरच किनाऱ्याला घासून गेले. तेव्हा मे महिना कोरडा असतो, हा भरवसा आता धरू नये. दिवाळीनंतर भात घरात आले, मळणी आटोपली की काम काढावे आणि शिमग्यापर्यंत आटपावे. त्या दिवसांत पाऊस जवळजवळ नसतो, सुतार मोकळा असतो, आणि कापलेले लाकूड सावलीत वाळायला अवधी मिळतो. चाकरमान्याने रजा मेऐवजी डिसेंबरात घ्यावी. घरासाठी एवढे करता येते.

काम कुणाला आणि कसे द्यायचे, हा पुढचा मुद्दा, आणि घरात राहणाऱ्यांसाठी तो फार कळीचा आहे. अंगावर दिलेले काम, म्हणजे उक्ते, स्वस्त पडते आणि लवकर होते. पण उक्ते घेणाऱ्याची सोय पहिल्याच दिवशी सगळे छप्पर उतरवण्यात असते. एकदा माणसे वर चढली की दोन दिवसांत कौले खाली येतात आणि घरच्यांच्या डोक्यावर उरते ते आभाळ. मग लाकूड आले नाही, सुताराच्या घरी लग्न निघाले, कोणी आजारी पडले, की तीन-तीन आठवडे तसेच जातात. म्हणून बोलणी करतानाच कागदावर लिहून घ्यावे की एका वेळी एकच खण उघडायचा आणि हप्ता मिळेल तो खण झाकून झाल्यावर. लाकूड उतरवून घेतल्याशिवाय, तासून, कीडनाशक तेल लावून तयार ठेवल्याशिवाय एकही कौल हलवायचे नाही, हेही त्याच कागदावर असावे. या अटीला नाखूश असणारा कारागीर कितीही कुशल असला तरी राहत्या घराच्या कामाचा नाही.

कामाच्या पहिल्या सकाळी नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतात. वास्तूला आणि ग्रामदेवतेला सांगतात की घर उघडतो आहोत, सांभाळून घे, कामाच्या माणसांना इजा होऊ देऊ नको. देव त्याआधीच पाटावर ठेवून आतल्या खोलीत नेलेले असतात. हा वेळ वाया जात नाही. त्या दहा मिनिटांत घरचे सगळे, सुतार आणि त्याचे गडी एकत्र उभे असतात आणि आज काय उघडणार, कोणी कुठे थांबायचे, हे सर्वांच्या कानावर पडते. बांधकामाच्या मोठ्या जागांवर आता रोज सकाळी अशीच सूचना देतात.

सुरुवात पडवीपासून करावी. तिथे राहणे कमी, सामान कमी, आणि कारागिरांचा हात बसेपर्यंत होणाऱ्या चुका तिथे परवडतात. मग ओटी. तोवर घरच्यांनी माजघरात राहायचे. माजघरावर फळ्यांचा माळा असेल तर ती खोली म्हणजे या दिवसांतला किल्ला. वरून काही निसटले तरी माळा ते झेलतो. मात्र उतरवलेली कौले माळ्यावर रचायची नाहीत. एका मंगलोरी कौलाचे वजन अडीच किलोच्या आसपास असते. दोनशे कौले म्हणजे पाचशे किलो, आणि ती एका कोपऱ्यात रचली तर जुन्या तुळया करकरतात. कौले हातोहात अंगणात उतरवावीत आणि भिंतीपासून लांब, कडेवर उभी रचावीत. आडवी रचली की खालची फुटतात.

हाच वजनाचा हिशेब छपरावरही लागू होतो. एका चौरस मीटरला साधारण पंधरा कौले लागतात. हजार चौरस फुटांच्या छपरावर चौदाशेच्या आसपास कौले, म्हणजे साडेतीन टन वजन असते. हे वजन दोन्ही पाखी मिळून तोलून धरतात. पुढच्या पाख्याचे वासे आणि मागच्या पाख्याचे वासे आढ्यापाशी एकमेकांना रेटून उभे असतात. एका पाख्याची सगळी कौले काढली आणि दुसऱ्याची तशीच ठेवली, तर आढे रिकाम्या बाजूला ढकलले जाते आणि जुनी भिंत बाहेर कलते. म्हणून दोन्ही पाख्यांची कौले बरोबरीने, चार ओळी इकडच्या, चार ओळी तिकडच्या, अशी उतरवायची. चढवतानाही तसेच. जाणते सुतार हे न सांगता करतात. नवशिक्या टोळीला सांगावे लागते, आणि सांगायला घरचे माणूस तिथे हजर असावे लागते.

आता कौले निघतात तेव्हा खाली काय येते ते पाहू, कारण राहणाऱ्यांना सर्वांत जास्त त्रास याचाच होतो. ‘काकी, हंडे झाका, आता माती येते!’ अशी वरून हाक येते आणि मागोमाग अनेक वर्षांची जळमटे, काजळी, उंदरांच्या लेंड्या, पाकोळ्यांची विष्ठा, कुजलेला पाला आणि फुटक्या कौलांची लाल भुकटी खाली येते. कौले उचलण्याआधी आतून रिपांवर पाण्याचा हलका फवारा मारला तर ही धूळ निम्म्यावर येते. केरसुणीने कोरडे झाडू नये. ओल्या भुशाने किंवा ओल्या फडक्याने गोळा करावे. वटवाघळांच्या लेंड्यांची धूळ फुफ्फुसाला अपायकारक असते, तेव्हा ज्यांना दमा आहे त्यांनी, आणि लहान मुलांनी, त्या खणाच्या उतरणीचा दिवस शेजारच्या घरी काढावा. संध्याकाळी परत यावे. अंगणातल्या विहिरीवर मेणकापड घालावे, तांदळाच्या कणग्या आणि गाद्या जुन्या लुगड्यांत बांधून ठेवाव्यात.

धुळीबरोबर रहिवासीही निघतात. विंचू कौलांच्या बेचक्यात असतात, म्हणून उतरवणाऱ्याने जाड हातमोजे घालावेत आणि प्रत्येक कौल उलटे करून झटकून पुढे द्यावे. पाली असतात तिथे त्यांच्यामागे कवड्या साप येतो. तो बिनविषारी आहे, पण अंगावर पांढरे आडवे पट्टे असल्याने लोक त्याला मण्यार समजून मारतात. कवड्याचे पट्टे डोक्याकडच्या भागात ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे उलट शेपटीकडे ठळक असतात. पण वाशावरून सरकणाऱ्या सापाचे पट्टे निरखत बसायची ती वेळ नव्हे. माणसांनी खाली उतरावे, काम थांबवावे आणि जवळच्या सर्पमित्राला बोलवावे. त्याचा नंबर काम सुरू होण्याआधीच घेऊन ठेवावा.

रिकाम्या खणात उभे राहून वर पाहिले की लाकडाची खरी अवस्था दिसते. वाशाची मधली लांबी बहुधा धडधाकट असते. कुजतात ती दोन टोके, वळचणीकडचे आणि भिंतीत गेलेले. पटाशीचे टोक तिथे दाबून पाहावे. लाकूड पाव इंचापेक्षा सहज आत गेले तर तो वासा काढायचा. जुन्या स्वयंपाकघरातले वासे काळेकुट्ट दिसतात म्हणून पुष्कळ लोक ते आधी फेकतात, पण तेच सर्वांत टिकाऊ निघण्याचा संभव असतो, कारण चुलीच्या धुराने त्यांना कीड लागलेली नसते. गॅस आल्यापासून हा धूर गेला. बाईच्या डोळ्यांची आणि छातीची सुटका झाली, ही केवढी चांगली गोष्ट. पण धुराने लाकडाचे केलेले रक्षण आता तेलाने किंवा औषधाने करावे लागते, हे ध्यानात ठेवायला हवे.

कौलांची निवड मात्र मन लावून करावी. एक माणूस खाली बसतो, डाव्या हातात कौल अधांतरी धरतो आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने त्याच्या मधोमध टकटक करतो. खणखणीत आवाज आला तर ते उजवीकडच्या ढिगात. बद्द आवाज आला तर त्यात डोळ्यांना न दिसणारी चीर आहे. ते डावीकडे, न्हाणीघराच्या मागे चिखलात टाकायला. काहींचा आवाज चांगला असतो पण कडेचा कंगोरा उडालेला असतो. अशी कौले गोठ्याला चालतात, घराला नाही, कारण पाणी त्याच कडेने आत येते. अर्ध्या दिवसात चार-पाचशे कौले अशी तपासून होतात, आणि या कामाला म्हातारी माणसे सर्वांत चांगली. त्यांच्या कानाला तो आवाज ओळखीचा असतो, आणि घरात एवढी धामधूम चाललेली असताना त्यांना एका जागी बसून करण्यासारखे महत्त्वाचे काम मिळते.

कौलांच्या पोटावर कारखान्याचा छाप असतो. तो वाचावा. एका कारखान्याची खाच दुसऱ्याच्या कंगोऱ्यात बरोबर बसत नाही. अर्ध्या सुताचा फरक पडला तरी वाऱ्याबरोबर पाणी शिरते. जुनी कौले कमी पडली तर नवी त्यांच्यात मिसळू नयेत. जुनी सगळी एका पाख्यावर, नवी सगळी दुसऱ्या पाख्यावर, आणि नैर्ऋत्येकडच्या पाख्यावर जी अधिक धड असतील ती. रिपांतले अंतरही कौल प्रत्यक्ष ठेवून मापावे. ते साधारण साडेबारा इंच येते, पण ‘साधारण’वर रिपा ठोकल्या तर शेवटची ओळ आढ्याखाली बसत नाही आणि मग कौले कापावी लागतात.

संध्याकाळ जवळ आली आणि खण पुरा झाला नाही, तर ताडपत्री. इथे लोक फार निष्काळजीपणा करतात. ताडपत्री टाकायची आणि वर चार दगड ठेवायचे, हा रिवाज जिवावर बेतणारा आहे. हिशेब करून पाहा. ताशी साठ किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर सतरा किलोंच्या आसपास दाब देतो. दहा बाय बारा फुटांची ताडपत्री म्हणजे अकरा चौरस मीटर. तिच्यावर जवळजवळ एकशे नव्वद किलोंची ओढ बसते. त्यापुढे चार दगड काय टिकणार? ताडपत्री उडते आणि दगड खाली झोपलेल्यांवर येतात. ताडपत्रीच्या दोन्ही कडा बांबूवर गुंडाळून शिवाव्यात, तिचा मध्य आढ्याला बांधावा आणि ती दिवसभर आढ्यावर गुंडाळून ठेवावी. ढग दिसला की दोन्ही बाजूंना सोडायची आणि बांबू खाली खांबांना दोरीने आवळायचे. दोन माणसांचे पाच मिनिटांचे काम. पाणी साचू नये इतका उतार तिला हवाच, नाहीतर मध्ये डबके होऊन ती फाटते. एका ब्रासएवढ्या, म्हणजे शंभर चौरस फुटांच्या भोकातून तासाभराच्या एक इंच पावसात दोनशे तीस लिटरहून जास्त पाणी आत येते.

पण ते पाणी जमिनीवर पडले तर फार बिघडत नाही. सारवलेली जमीन चिखल होईल, दोन दिवसांत सुकेल, पुन्हा सारवता येईल. खरा धोका भिंतीच्या माथ्याला असतो. मातीच्या भिंतीवर बाहेरून पडलेला पाऊस बराचसा ओघळून जातो. तिच्या उघड्या माथ्यावर पडलेला पाऊस सरळ पोटात उतरतो, आणि आतून फुगलेली भिंत बाहेरून काही दिसत नसताना रात्री बसते. जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत तेवढी नाजूक नाही, पण तिचे सांधे मातीचे असतील तर तिलाही हाच न्याय. म्हणून कौले उतरताच, वासे सुटायच्या आधी, भिंतींच्या माथ्यांवर मेणकापडाच्या पट्ट्या घालून त्या बांधून टाकाव्यात आणि नवे वासे बसेपर्यंत हलवू नयेत. सगळ्या कामात एकच खबरदारी घेता येणार असेल, तर ही घ्यावी.

वीज हा जुन्या घरांतला लपलेला धोका आहे. तारा वाशांवरून लाकडी पट्टीत नेलेल्या असतात, त्यांचे वेष्टन उंदरांनी कुरतडलेले असते, आणि सुताराची पहार नेमकी तिथे लागते. ज्या खणात काम आहे त्याची लाइन इलेक्ट्रिशियनकडून तोडून घ्यावी आणि सुताराच्या यंत्रांसाठी ओटीवर वेगळा बोर्ड घ्यावा. त्याला तीस मिलिअँपियरवर तुटणारा सुरक्षा स्विच असलाच पाहिजे. दिव्यांसाठी दोन चार्जिंगचे कंदील पुरतात.

स्वयंपाकघराचा खण सर्वांत शेवटी उघडावा, आणि तो उघडायच्या दिवशी शेगडी आधीच तयार झालेल्या मागच्या पडवीत हलवावी. गॅसचे सिलिंडर काम चालू असलेल्या खणाखाली क्षणभरही ठेवू नये. गड्यांचा चहा, घरच्यांचे जेवण, सगळे तिथेच. रोज संध्याकाळी काम थांबले की दोरीला लोहचुंबक बांधून ओटी-अंगणभर फिरवावा. गंजके खिळे त्याला चिकटून येतात. कोकणात माणसे अनवाणी वावरतात, त्यामुळे या काळात घरातही चपला घालाव्यात आणि धनुर्वाताची लस घेऊन किती वर्षे झाली ते आठवून पाहावे. झोपायचे ते झाकून पुऱ्या झालेल्या खणात किंवा माळ्याखाली. पौष-माघात अंगणात झोपायला बरे वाटते, पण दहिवराने अंथरुणे ओली होतात. मांडव घालून वर झावळ्या पसरल्या तरच ते जमते.

आता त्या एका परिस्थितीबद्दल, जिथे घर सोडावेच लागते. पुष्कळ घरांच्या पडव्यांवर आणि गोठ्यांवर जुने सिमेंटचे पत्रे आहेत. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा अखंड असेपर्यंत ते तंतू बांधलेले राहतात. फोडला, कापला, करवतला की हवेत मोकळे होतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, खोकलाही लगेच येत नाही. फुफ्फुसाचे आजार आणि कर्करोग वीस ते चाळीस वर्षांनी डोके वर काढतात. म्हणून हे पत्रे उतरायच्या दिवशी मुलाबाळांसह सगळ्यांनी बाहेर राहायचे. पत्रे पाण्याने भिजवायचे, गंजलेले बोल्ट कापून पत्रा अखंड उचलायचा, वरून फेकायचा नाही. उतरवणाऱ्याला बारीक धूळ अडवणारा, नाकाला घट्ट बसणारा मास्क हवा. तोंडाला बांधलेला रुमाल इथे कामाचा नाही. या पत्र्यावर पाय देऊ नये, तो एकदम फुटतो आणि माणूस सरळ जमिनीवर येतो. वाशांवर आडव्या फळ्या टाकून त्यांवरूनच चालावे. उतरलेले पत्रे जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून ग्रामपंचायतीला विचारून त्यांची व्यवस्था लावावी. त्यांचे तुकडे करून पायवाटेत भरणे किंवा कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकणे, हे आपणच आपल्या अंगणात विष पेरण्यासारखे आहे.

कौलांऐवजी रंगीत लोखंडी पत्रा घालण्याकडे आता ओढा आहे. माकडे कौले फोडतात, सुतार मिळत नाहीत, खर्च कमी येतो. ज्यांना कौले जमत नाहीत त्यांना मी दोष देणार नाही. पण पत्रा घालायचा तर वाऱ्याचा हिशेब पुन्हा मांडावा. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा एका चौरस मीटरला चार किलोंच्या आसपास भरतो, कौले पस्तीस-चाळीस किलो. ताशी एकशे वीस किलोमीटरच्या वाऱ्यात दाब सतरावरून अडुसष्ट किलोंवर जातो, कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. एवढा दाब उचल म्हणून आला तर चार किलोंचा पत्रा निव्वळ स्क्रूंच्या आणि आकड्यांच्या जोरावरच टिकेल. वळचणीला आणि आढ्याजवळ ती उचल सर्वांत जास्त असते. तिथले स्क्रू दुप्पट जवळ घ्यावेत आणि पत्र्याखालची लोखंडी चौकट भिंतीत खोल गाडलेल्या पट्ट्यांना जखडावी. पत्रा कौलांइतका श्वास घेत नाही, म्हणून दुपारी घर तापते. माळा आणि पत्रा यांच्यामध्ये हवा खेळायला दोन्ही टोकांना जाळीची जागा सोडावी.

कौले घालताना माजघरावर दोन काचेची कौले बसवून घ्यायला विसरू नये. खण उघडा असताना त्या काळोख्या खोलीत पहिल्यांदाच उजेड आलेला असतो आणि घरातल्या बायकांना तो कुठे हवा आहे, हे त्या दिवसांत नेमके कळते. तांदूळ निवडायची जागा, दळणाची जागा, शिवणयंत्राची जागा दाखवायला त्यांनाच सांगावे.

सगळे झाकून झाले तरी काम पुरे झाले असे समजू नये. पहिल्या दोन-तीन पावसांत घरच्यांनी खडू घेऊन फिरावे आणि थेंब पडेल त्याच्या वरच्या वाशावर खूण करावी. नवी कौले सुरुवातीला पाणी पितात, त्यांच्या पोटाला ओल दिसते. थेंब सुटत नसेल तर तिथे हात लावू नये. थेंब सुटतो तिथे बहुतेक वेळा एखादे कौल जागचे हललेले असते, आणि आतून काठीने हलकेच वर उचलून ते खाचेत बसवता येते. सुताराचा शेवटचा हप्ता या खुणा निस्तरून झाल्यावर द्यायचा, असे आधीच ठरलेले असावे. आणि प्रत्येक छापाची वीसेक कौले मागच्या पडवीत, भिंतीला टेकून उभी ठेवावीत. माकडांचा कळप आषाढातही येतो, आणि त्या दिवसांत बाजारात त्याच छापाचे कौल मिळेलच असे नाही.